कंपनीच्या इंजिनाला टर्बो पेलतो काय?

स्मरणिकेसाठी लेख द्यावा, अशी सूचना संपादक मंडळाकडून आली तेव्हा आमच्याकडून लेण्यांविषयी किंवा एखाद्या शिलालेखाविषयी काही मिळेल, अशी त्यांची समजूत असणार. इतिहासाच्या शिक्षकाकडून दुसरे काय अपेक्षावे? परंतु या वेळी आम्ही इंजिनाविषयी लिहीत आहोत, आणि त्याला कारण आपलेच माजी विद्यार्थी आहेत. वसतिगृहातून बाहेर पडलेल्या मुलांपैकी कितीतरी जण आज पुणे आणि पिंपरी-चिंचवड परिसरात गॅरेज चालवतात, भाड्याच्या गाड्यांवर आहेत, कारखान्यांत जुळणीच्या कामावर आहेत. मेळाव्यात भेटले की "जय भीम, सर" म्हणून झाल्यावर बोलणे हटकून गाडीवर येते. मागच्या मेळाव्यात एकाने विचारले, "सर, कंपनीच्या इंजिनात आतले काही न बदलता नुसता टर्बो बसवला तर इंजिन टिकेल का? जास्त खर्च परवडणार नाही."

प्रश्न यंत्राचा होता, पण त्यात एका घराची मिळकत गुंतलेली होती. गाडी जुनी, साध्या डिझेल इंजिनाची. तिच्यावर कर्ज काढलेले. महाबळेश्वर-पाचगणीची भाडी मारताना घाटात ती दम टाकते आणि गिऱ्हाईक कुरकुरते. नवी गाडी घेण्याची ऐपत नाही. तेव्हा टर्बोचा विचार मनात येणे स्वाभाविकच होते. आम्ही त्याला लगेच उत्तर दिले नाही. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका विद्यार्थ्याने नेमके हेच केले होते, आणि त्याच्या इंजिनातून निघालेला पिस्टन आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेत आजही ठेवलेला आहे. त्या पिस्टनाची हकिगत पुढे येईलच. आधी टर्बो म्हणजे काय, हे नीट पाहू.

इंजिनाची शक्ती इंधनापेक्षाही हवेवर ठरते. इंधन हवे तितके ओतता येते. ते जाळण्यास पुरेशी हवा सिलिंडरमध्ये जाणे अवघड असते. साधे इंजिन पिस्टन खाली जाताना निर्माण होणाऱ्या ओढीने जेवढी हवा येईल तेवढीच घेते. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहे, म्हणून येथील हवेचा दाब मुंबईपेक्षा सहा-सात टक्क्यांनी कमी असतो. महाबळेश्वरास तर तो सुमारे पंधरा टक्क्यांनी उतरतो. घाटात गाडी दम टाकते त्यात चढाचा वाटा मोठा असला तरी विरळ हवेचाही थोडा असतोच. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी या अभियंत्याने यावर १९०५ साली पेटंट घेतले. सायलेन्सरवाटे फुकट जाणाऱ्या तप्त वायूने एक चाक फिरवायचे आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चाकाने ताजी हवा दाबून सिलिंडरमध्ये कोंबायची, ही त्याची कल्पना. ती प्रत्यक्षात यायला वीस वर्षे लागली. १९२० च्या दशकात 'प्रॉयसेन' आणि 'डान्त्सिग' या दोन जर्मन जहाजांच्या डिझेल इंजिनांची शक्ती या युक्तीने १,७५० वरून २,५०० अश्वशक्तीवर गेली. सिलिंडरचा आकार वाढवला नव्हता. इंजिन तेवढेच, काम चाळीस टक्क्यांहून अधिक. आजही टर्बोचे आकर्षण याच हिशेबात आहे.

पुणेकरांना हा हिशेब नवा नाही. खडकीत १९४६ पासून किर्लोस्करांची तेल-इंजिने बनत आली, कोथरूडला १९६२ मध्ये किर्लोस्कर कमिन्सची स्थापना झाली, आकुर्डीस बजाज टेम्पो आणि पिंपरीस टेल्को उभी राहिली. या शहराच्या कितीतरी घरांत पिस्टन आणि क्रँकशाफ्ट हे शब्द मुलांना शाळेच्या आधी कळतात.

आता मूळ प्रश्न. टर्बो बसवला तर आतल्या भागांवर नेमका कोणता भार वाढतो?

पहिला भार दाबाचा. ७५ मिलिमीटर व्यासाचा पिस्टन घेतला तर त्याच्या डोक्याचे क्षेत्रफळ सुमारे ४४ चौरस सेंटिमीटर भरते. ज्वलनाचा सर्वोच्च दाब दहा बारने वाढला, तर त्या पिस्टनावर प्रत्येक स्फोटाच्या वेळी सुमारे ४५० किलो वजनाएवढा जादा भार येतो. तीन हजार फेऱ्यांवर चालणाऱ्या चार-स्ट्रोक इंजिनाच्या एका सिलिंडरमध्ये मिनिटाला दीड हजार स्फोट होतात. पुण्याहून साताऱ्यापर्यंतचे दोन तास धरले, तर एकेका पिस्टनाला एक लाख ऐंशी हजार वेळा हा जादा ठोसा सोसावा लागतो. ऐकून छाती दडपते. पण कनेक्टिंग रॉड आणि क्रँकशाफ्ट या बाबतीत समजले जातात त्यापेक्षा बरेच सोशिक असतात. रॉडला खरे संकट ताणाचे असते, आणि तो ताण फेऱ्यांच्या वर्गाने वाढतो. चार हजार फेऱ्यांऐवजी पाच हजारांवर इंजिन ताणले तर तो दीडपटीहून अधिक होतो. टर्बो मात्र फेऱ्या न वाढवता शक्ती देतो. म्हणून अमुक गाडीचा रॉड तुटून इंजिनाच्या बाहेर आला, अशा कथा ऐकू येतात, त्यांतल्या पुष्कळशा टर्बोपेक्षा बेफाम फेऱ्यांच्या आणि झिजलेल्या बोल्टांच्या असतात.

येथे अश्वशक्तीच्या आकड्याने फसगत होते, हे मुद्दाम सांगावेसे वाटते. पिंपरीत घडलेल्या इंडिकाचेच उदाहरण घ्या. १९९८ च्या अखेरीस आलेल्या या गाडीच्या डिझेल इंजिनाचे नाव ४७५. चार सिलिंडर, ७५ मिलिमीटर बोअर, असा त्या आकड्याचा अर्थ. क्षमता १,४०५ घनसेंटिमीटर. साध्या रूपात ते सुमारे ५४ अश्वशक्ती आणि ८५ न्यूटन-मीटर टॉर्क देई. पुढे त्याच क्षमतेच्या इंजिनाला टर्बो आणि इंटरकूलर बसला, तेव्हा शक्ती सुमारे ७० झाली, टॉर्क मात्र १३५ च्या आसपास गेला. म्हणजे अश्वशक्ती तीस टक्क्यांनी वाढली, पण रॉड आणि क्रँक ज्याने वाकतात तो फिरवण्याचा जोर साठ टक्क्यांच्या आसपास वाढला. रांजणगावच्या कारखान्यातून निघालेल्या फियाट लिनिया या गाडीतही हेच दिसते. १.४ लिटरचे साधे पेट्रोल इंजिन ९० अश्वशक्ती आणि ११५ न्यूटन-मीटर. त्याच क्षमतेचे टर्बो इंजिन ११४ अश्वशक्ती आणि २०७ न्यूटन-मीटर. शक्ती सव्वापट, टॉर्क जवळजवळ पावणेदोनपट. "नुसती वीस-पंचवीस घोडे वाढवायचीत, सर" असे जो म्हणतो, त्याने टॉर्कचा आकडाही विचारावा. आतल्या भागांना तोच आकडा जाणवतो, आणि क्लच व गिअरबॉक्सलाही.

तरीसुद्धा अनुभव असा आहे की निरोगी इंजिनाचे कंपनीचे लोखंड बेताच्या दाबाला सहसा टिकते. टिकत नाही ती उष्णतेची व्यवस्था. हाच या लेखाचा गाभा आहे, म्हणून येथे थोडे थांबू.

आमच्या त्या पहिल्या विद्यार्थ्याने मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारातून एका मोडीत निघालेल्या इंजिनाचा टर्बो आणला, एका फॅब्रिकेशनवाल्याकडून पाइप वेल्डिंग करून घेतले, डिझेल पंपाचा स्क्रू फिरवून इंधन वाढवले आणि गाडी रस्त्यावर आणली. इंटरकूलर बसवला नाही, कारण तो महाग होता. दाब किंवा तापमान दाखवणारे मीटरही नाही, कारण त्याने पिकअप वाढत नाही! पहिला महिनाभर त्याच्या आनंदाला पारावार नव्हता. मग एका मे महिन्यात, पाच माणसे आणि टपावर सामान घेऊन खंबाटकी चढताना, गाडीने अचानक जोर सोडला आणि ऑइल भरण्याच्या झाकणातून धूर येऊ लागला. इंजिन उतरवले तेव्हा आम्ही मुद्दाम गेलो होतो. सोबत एक पालक होते, ज्यांची तीस वर्षे इंजिन-जुळणीच्या कामात गेली आहेत. त्यांनी प्रथम क्रँकशाफ्ट पाहिला. त्यावर ओरखडा नव्हता. रॉड सपाट काचेवर ठेवून पाहिले, सरळ होते. मग तिसऱ्या सिलिंडरचा पिस्टन हातात घेऊन ते म्हणाले, "सर, हे बघा, लोखंडाने काही गुन्हा केलेला नाही." वरच्या रिंगेचे तुकडे झाले होते आणि पहिल्या-दुसऱ्या रिंगांमधला पिस्टनाचा कठडा उडाला होता.

असे का झाले, याचा हिशेब आम्ही नंतर नववीच्या वर्गासमोर फळ्यावर मांडला. रिंग ही गोल असली तरी तोंडाशी कापलेली असते, आणि त्या दोन टोकांत फट ठेवलेली असते. ७५ मिलिमीटरच्या साध्या इंजिनात ती साधारण तीन दशांश मिलिमीटर. रिंगेचा परीघ सुमारे २३५ मिलिमीटर. तापमान शंभर अंशांनी वाढले की एवढ्या लांबीचे लोखंड सुमारे पाव मिलिमीटर वाढते. भोवतीचा सिलिंडर पाण्याने थंड राहतो, तो त्या प्रमाणात पसरत नाही. म्हणजे कंपनीने ठरवलेल्या मर्यादेपेक्षा रिंग शंभर-सव्वाशे अंशांनी तापली, की तिची टोके एकमेकांना भिडतात. मग रिंगेला जागा उरत नाही. ती सिलिंडरला चावते, मोडते आणि अ‍ॅल्युमिनियमचा मऊ पडलेला कठडा सोबत घेऊन जाते. ती फट मोजायला फीलर गेज पुरते आणि ती थोडी वाढवायला कानस. पण त्यासाठी इंजिन खोलावे लागते, आणि इंजिन न खोलता काम करायचे हीच तर स्वस्तपणाची अट होती.

एवढी उष्णता आली कोठून? दोन वाटांनी. हवा दाबली की ती तापते. मे महिन्यातली ४० अंशांची हवा टर्बोने चाळीस टक्के जास्त दाबली, तर मध्यम कार्यक्षमतेच्या टर्बोतून ती ९० अंशांच्या आसपास बाहेर पडते. ऐंशी टक्के जास्त दाबली, तर १२५ अंशांच्या पुढे. इंटरकूलर नसेल तर हीच तापलेली, म्हणून पुन्हा विरळ झालेली हवा आत जाते. दुसरी वाट इंधनाची. डिझेलमध्ये हवेच्या मानाने इंधन जास्त झाले की काळा धूर येतो आणि सिलिंडरमधले तापमान चढत जाते. सपाट रस्त्यावर जोर लावण्याचा काळ काही सेकंदांचा असतो, तोवर पिस्टन पुन्हा निवतो. घाटात तो दहा-दहा मिनिटांचा असतो. शहरात महिनाभर टिकलेले इंजिन खंबाटकीत गेले, ते यामुळे.

कारखाने ही गोष्ट कशी हाताळतात, याचे एक चांगले उदाहरण आपल्या ओळखीच्या इंजिनाच्या घराण्यातले आहे. आकुर्डीच्या बजाज टेम्पोने मर्सिडीज-बेन्झच्या परवान्याखाली ओएम ६१६ हे २.४ लिटरचे चार सिलिंडरी डिझेल इंजिन बनवले. ट्रॅक्स आणि ट्रॅव्हलर गाड्यांतून ते खेडोपाडी पोहोचले. त्याचाच पाच सिलिंडरी भाऊ ओएम ६१७. मर्सिडीजने १९७८ साली त्या तीन लिटर इंजिनाला टर्बो बसवून ते ३०० एसडी या मोटारीत घातले आणि शक्ती सुमारे ८० वरून ११५ अश्वशक्तीवर नेली. मूळचे इंजिन दणकटपणासाठी प्रसिद्ध होते. तरी त्यांनी टर्बोसाठी पिस्टनांवर खालून ऑइलचे फवारे सोडण्याची सोय केली, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आतून सोडियम भरलेले वापरले, क्रँकशाफ्टचा पृष्ठभाग कठीण करून घेतला आणि ऑइल थंड ठेवण्याची क्षमता वाढवली. यांतल्या बहुतेक सुधारणा उष्णता वाहून नेण्यासाठी आहेत, हे ध्यानात घ्यावे. आणि म्हणूनच एकाच क्षमतेची टर्बो व बिनटर्बो इंजिने बाहेरून जुळी दिसली तरी आतून तशी असतील, असे गृहीत धरू नये. स्पेअर पार्टच्या दुकानात दोन्हींच्या पिस्टनांचे आणि गॅस्केटचे क्रमांक ताडून पाहिले तर दहा मिनिटांत उलगडा होतो, आणि त्यास पैसे पडत नाहीत.

पेट्रोल गाड्यांविषयी थोडक्यात. तेथे शत्रू नॉकिंगचा. दाबलेल्या गरम हवेत पेट्रोल स्पार्कची वाट न पाहता ठिकठिकाणी पेट घेते आणि पिस्टनावर हातोडे बसू लागतात. ओतीव पिस्टन ते फार काळ सोसत नाही. लिनियाच्या टर्बो इंजिनाचे दाबगुणोत्तर ९.८ इतके बेताचे ठेवले होते, ते याच कारणाने. ज्याच्या साध्या इंजिनाचे गुणोत्तर दहा-अकराच्या घरात आहे, त्याला टर्बोचा दाब फार कमी ठेवावा लागेल, इंजेक्टर मोठे घ्यावे लागतील आणि संगणकातला स्पार्कचा तक्ता नव्याने लिहून घ्यावा लागेल. हे काम जाणणारी माणसे पुण्यात आहेत, पण ती स्वस्त नाहीत.

मग कमी पैशांत काहीच होत नाही काय? होते, पण पैसा कोठे आधी घालायचा याचा क्रम उलटा आहे. टर्बो सर्वांत शेवटी. आधी प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजावे. चारांत मोठा फरक असेल तर विषय तेथेच संपतो. ऑइलचा दाब पाहावा, कारण टर्बोचा दांडा मिनिटाला लाख-दीड लाख फेऱ्या घेतो आणि तो इंजिनाच्याच ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतो. रेडिएटर, थर्मोस्टॅट आणि पाण्याचा पंप निर्दोष असावा. त्यानंतर हवेच्या दाबाचे आणि एक्झॉस्टच्या तापमानाचे अशी दोन मीटरे. डिझेल गाडीत एक्झॉस्टचे तापमान ७०० अंशांकडे सरकू लागले की पाय उचलायचा, हे चालकाला समोर दिसले पाहिजे. मग इंटरकूलर. आणि एवढे झाल्यावर टर्बो, तोही तीन-चार दशांश बारच्या पुढे जाणार नाही असा वेस्टगेट लावून. या मर्यादेत निरोगी इंजिनाचे मूळ अंतर्भाग बहुधा तग धरतात, असे आम्ही म्हणू. घाट चढून आल्यावर इंजिन ताडकन बंद करू नये, मिनिट-दोन मिनिटे सावकाश चालू ठेवावे. नाहीतर टर्बोतले ऑइल जागच्या जागी जळून कोळसा होते. स्वस्तात टर्बो बसवणारे नेमकी ही यादी खोडून टर्बो तेवढा ठेवतात. मग इंजिन बसले की दोष कंपनीच्या पिस्टनाला.

कायद्याची बाजू अनेकांना माहीत नसते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी नोंदणीपत्र विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे कलम कडकपणे वाचले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने परवानगीविना केलेल्या प्रत्येक बदलास पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. विमा कंपनीला अपघातानंतर असा बदल आढळला, तर दावा अडकण्याची भीती वेगळीच. भाड्याच्या गाडीत बसलेला प्रवासी आपल्या भरवशावर बसतो, आणि त्याच्या नुकसानीचा भार कर्जाच्या हप्त्याहून कितीतरी मोठा असू शकतो. म्हणून पोट ज्या गाडीवर आहे, तिच्यावर हा प्रयोग करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. प्रयोगच करायचा तर जुने हाफ इंजिन आणून स्टँडवर करावा. शिकण्यासाठी ते उत्तम आहे.

मेळाव्यातल्या त्या विद्यार्थ्याला आम्ही प्रयोगशाळेत नेऊन तो पिस्टन दाखवला आणि हा सगळा हिशेब सांगितला. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "सर, मग माझ्या गाडीचं कॉम्प्रेशन तरी बघून घेतो." आठवड्याने त्याचा फोन आला. दोन सिलिंडरांचे कॉम्प्रेशन उतरलेले निघाले होते, एक नोझल थेंब गाळत होता आणि हवेचा फिल्टर मातीने गच्च भरला होता. त्याने टर्बोसाठी साठवलेल्या पैशांतून रिंगा टाकल्या, व्हॉल्व्ह घासून घेतले, नोझल दुरुस्त केले. घाटात गाडी आता पूर्वीसारखी चढते, असे तो सांगतो. टर्बो गाडीसारखी अर्थातच नाही. पसरणीच्या वळणांवर दुसरा गिअर लागतोच.

पिस्टन अजून प्रयोगशाळेच्या डावीकडच्या कपाटात, वरून दुसऱ्या फळीवर आहे. त्याच्याजवळ मोडलेल्या रिंगेचे तीन तुकडे आणि एक फीलर गेजही ठेवले आहे. ज्या माजी विद्यार्थ्यांना ते हातात घेऊन पाहायचे असेल, त्यांनी रविवारी सकाळी यावे. किल्ली आमच्याकडे असते.